विषारी वायूचे मापक आणि त्याची पडताळणी

गळिताचा हंगाम सुरू होऊन उसाची गाडी काट्यावर चढली, की आकड्याकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो : हा काटा खरा आहे काय? हा संशय गैर नव्हे. म्हणूनच तर वैधमापन खात्याच्या निरीक्षकाने वर्षातून एकदा प्रमाणित वजने काट्यावर ठेवावी, वजन व आकडा जुळतो की नाही हे पाहावे, आणि जुळला तरच काट्यास मुद्रा द्यावी, असा दंडक घालून दिलेला आहे. दूध संस्थेतील फॅटच्या यंत्राविषयीही आपण असेच जागरूक असतो. दोन पैशांचा फरक पडला तरी वार्षिक सभेत आवाज उठतो. परंतु ज्या यंत्राच्या आकड्यावर भरवसा ठेवून आपण माणसास विहिरीच्या तळाशी किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात उतरविणार, त्या यंत्राची पडताळणी अखेरची केव्हा झाली, हे विचारणारा शेतकरी अजून विरळा आहे.

मुठीत मावणारे व कमरेस अडकविता येणारे हे यंत्र बाजारात गॅस डिटेक्टर या नावाने मिळते. कारखाने व नगरपालिका यांच्याकडे ते पूर्वीपासून असते. अलीकडे मोठ्या गोठ्यांचे मालकही ते घेऊ लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र यंत्र घरात असणे आणि त्याच्या सांगण्यावर विसंबता येणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या गोष्टीचाच विचार करावयाचा आहे.

फलटण भागास हा विषय परका नाही. नीरेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस वाढला, १९३० च्या दशकात साखरवाडीचा कारखाना उभा राहिला, मळी आली, तिच्यामागून मद्यार्क आला. गावोगाव संकरित गाईंचे गोठे झाले व गोठ्यांमागे शेणमूत्राच्या टाक्या झाल्या. जेथे सेंद्रिय पदार्थ कुजतो अथवा आंबतो तेथे वायू निर्माण होणारच. १९६८ साली फलटणास स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीपासून मद्यार्क काढण्याचे पुष्कळ प्रयोग केले, हे वाचकांस ठाऊक असेल. आंबण्याच्या या क्रियेत १८० भाग द्राक्षशर्करेपासून ९२ भाग मद्यार्क व ८८ भाग कर्बाम्लवायू होतो. म्हणजे जेवढा मद्यार्क पिंपात राहतो, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा वायू पिंपाबाहेर पडतो आणि हवेहून जड असल्यामुळे आसपासच्या सखल जागी साचतो. गोबरगॅसही आपल्या मुलखास नवा नाही. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठालयात १८९७ साली मैल्यापासून वायू काढून तो दिवाबत्तीस वापरीत असत. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकापासून गोबरगॅसचे संयंत्र खेड्यांत नेले. चूल पेटविणारा हा वायू किती उपकारक आहे हे सर्वांस दिसले. खड्ड्याच्या तळाशी तो काय करतो हे मात्र अपघात घडल्यावाचून सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

असे अपघात फार दूर घडतात असेही नाही. मार्च २०२३ मध्ये नीरेपलीकडे बारामती तालुक्यातील खांडज येथे शेणमूत्राची टाकी साफ करताना एकामागून एक चार जण गेले. त्यांतील तिघे एकाच घरचे होते. पुढील वर्षी, ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, नेवासे तालुक्यातील वाकडी येथे शेणकाला साठविण्यासाठी वापरात असलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढावयास एक जण उतरला. तो परत येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. सहा जण उतरले, पाच गेले. सहावा वाचला तो कमरेस दोर बांधलेला होता म्हणून. वरच्या माणसांनी त्यास ओढून काढले. दोन्ही ठिकाणी पहिल्या माणसास वायूने मारले आणि पुढच्यांस मायेने खाली ओढले, असे म्हणावे लागते.

मोठ्या बागायतदाराकडे टाकीत उतरणारा बहुधा मालक नसतो, सालगडी किंवा रोजंदारीचा मजूर असतो. त्यास यंत्राचा आकडा वाचता येतो की नाही, ते खरे बोलते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी उतरविणाऱ्याची आहे.

कोणते वायू, किती मात्रेत

बाजारात सर्वसाधारणपणे चार वायूंचा डिटेक्टर मिळतो. तो प्राणवायू, पेटणारा वायू (आपल्याकडे मुख्यत्वे मिथेन), हायड्रोजन सल्फाईड आणि कार्बन मोनॉक्साईड एवढ्यांचे मापन करतो. शुद्ध हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला की यंत्राची घंटा वाजावी अशी योजना असते. मिथेन हवेत ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत असला तर ठिणगीने स्फोट होतो. यंत्र या ५ टक्क्यांस शंभर मानून त्याचा शेकडा दाखविते व शेकडा १० झाला, म्हणजे हवेत अर्धा टक्का मिथेन झाला, की इशारा देते.

हायड्रोजन सल्फाईड हा यांतील खरा घातकी. सडक्या अंड्यासारखा याचा वास दहा लाख भाग हवेत एका भागाहून कमी असला तरी नाकास कळतो. दहा लाखांत एक भाग या मापास यंत्रावर पी.पी.एम. म्हणतात. परंतु मात्रा १०० पी.पी.एम.च्या आसपास गेली की वास घेणारी मज्जा बधिर होते, आणि उतरलेला माणूस वरच्यास सांगतो, 'आता वास राहिला नाही, निवळले.' वस्तुतः वायू निवळलेला नसून नाक मेलेले असते. ५०० पी.पी.एम.च्या पुढे माणूस थोड्याच वेळात कोसळतो, आणि मात्रा त्याहून वाढली तर एक-दोन श्वासही पुरे होतात. म्हणून नाकावर विसंबणे हा निव्वळ आत्मघात होय, आणि यंत्रातील हायड्रोजन सल्फाईडचा सेन्सर खरा असणे सर्वांत अगत्याचे. कार्बन मोनॉक्साईडला वासच नाही. विहिरीच्या कोनाड्यात किंवा काठावर डिझेल इंजिन चालत असेल, अथवा विहीर खोल करण्यासाठी सुरुंग उडविले असतील, तर तो तळाशी साठतो.

विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत अनेकांस ठाऊक आहे. ज्योत विझली तर उतरू नये, हा नियम वाईट नव्हता. परंतु ज्योत विझते ती प्राणवायू सुमारे १६ ते १७ टक्क्यांवर उतरल्यावर, आणि विषारी वायूविषयी ती काहीच सांगत नाही. गोबरगॅसच्या टाकीत तर कंदील सोडणे म्हणजे स्फोटास आमंत्रण देणे. विलायतेतील कोळशाच्या खाणींत याच कामासाठी कॅनरी पक्षी नेत. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात ही युक्ती सुचविली आणि १९८६ सालापर्यंत ती तेथे चालू होती. पक्ष्याचा एक मोठा गुण असा की तो जिवंत आहे की नाही हे पाहताक्षणीच समजते. यंत्राचे तसे नाही, आणि पुढील सर्व विवेचनाचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

शून्याचा अर्थ

डिटेक्टरच्या पडद्यावर हायड्रोजन सल्फाईडच्या जागी शून्य दिसते. या शून्याचे दोन अर्थ संभवतात. एक, हवेत तो वायू नाही. दुसरा, सेन्सर मेलेला आहे. दोन्ही प्रसंगी पडदा सारखाच दिसतो. दिवा लागतो, बॅटरीचे चिन्ह भरलेले असते. हे दोन अर्थ वेगळे करण्याचा एकच मार्ग आहे, तो हा की ज्या वायूचे प्रमाण आपणांस आधीच ठाऊक आहे असा वायू यंत्रास हुंगवावा आणि ते काय सांगते ते पाहावे. निरीक्षक काट्यावर प्रमाणित वजन ठेवतो, तद्वत.

सेन्सर मरतो कसा, हे थोडे समजून घेतले पाहिजे. विषारी वायूंचे व प्राणवायूचे सेन्सर हे एक प्रकारचे लहान रासायनिक घट असतात. वायू आत शिरला की त्यात विजेचा अल्प प्रवाह उत्पन्न होतो आणि त्यावरून आकडा निघतो. घटातील द्राव कालांतराने सुकतो. साधारणतः दोन ते तीन वर्षे हे त्यांचे आयुष्य. प्राणवायूचा जुन्या पद्धतीचा सेन्सर तर वापरा अथवा न वापरा, हवेतच झिजत राहतो, कारण त्यातील शिसे प्राणवायूशी संयोग पावून संपत असते. आपल्या अवर्षणी भागातील उन्हाळ्याची कोरडी झळ या घटांस मानवत नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारी जीपच्या काचेमागे यंत्र ठेवून देणे म्हणजे त्याचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय.

मिथेनचा सेन्सर निराळा. त्यात तापविलेला एक सूक्ष्म मणी असतो. त्यावर वायू जळतो आणि मण्याची उष्णता वाढते, त्यावरून मापन होते. या मण्यास सिलिकॉनचे वावडे आहे. मोटारीच्या डॅशबोर्डास लावावयाचे चकाकीचे द्रव, काही वंगणे, दारेखिडक्यांच्या फटी बुजविण्याचा चिकट लेप, यांची वाफ त्यावर बसली की तो हळूहळू निकामी होतो, आणि अशा मण्याची मिथेनबद्दलची जाणीव इतर वायूंच्या आधी जाते. गोबरगॅससाठी यंत्र वापरणाऱ्याने त्याची पडताळणी मिथेननेच करावी, अन्य पेटत्या वायूने नव्हे, याचे कारण हेच. आणखी एक खोच अशी की वायू जाळण्यास मण्याला प्राणवायू लागतो. गोबरगॅसच्या घुमटात मिथेन ५० ते ७० टक्के आणि प्राणवायू जवळजवळ नाहीच. तेथे हा सेन्सर क्षणभर वर जाऊन पुन्हा शून्याकडे येऊ शकतो. सबब पडद्यावर प्रथम प्राणवायूचा आकडा वाचावा. तो योग्य नसेल तर मिथेनच्या आकड्यास काही किंमत नाही.

पडताळणीची रीत

या कामास लागणारे साहित्य थोडे आहे : ज्ञात मिश्रणाची वायुकुपी, तिच्या तोंडास बसणारा नियंत्रक, एक आखूड नळी आणि यंत्राच्या तोंडावर बसणारी टोपी. चार वायूंच्या यंत्रासाठी जी कुपी बहुधा मिळते तीत हायड्रोजन सल्फाईड २५ पी.पी.एम., कार्बन मोनॉक्साईड १०० पी.पी.एम., मिथेन २.५ टक्के (म्हणजे स्फोटमर्यादेच्या निम्मा), प्राणवायू १८ टक्के व बाकी नत्रवायू असे मिश्रण असते. प्राणवायू मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणजे त्याची घंटाही वाजते की नाही ते कळते. कुपीवरील चिठ्ठी नीट वाचावी. प्रत्येक कुपीचे आकडे तेच असतील असे नाही, आणि यंत्रात नोंदलेले आकडे व कुपीवरचे आकडे जुळले पाहिजेत. कुपीबरोबर प्रमाणपत्र मागावे. ज्याप्रमाणे निरीक्षकाची वजने वरच्या प्रयोगशाळेतील वजनांशी ताडलेली असतात व त्यांची परंपरा शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते, त्याप्रमाणे कुपीतील वायूचे मापही कोणत्या तरी मान्य मापाशी जोडलेले असले पाहिजे.

प्रथम यंत्र सुरू करून काही मिनिटे उघड्या शुद्ध हवेत ठेवावे व मग शून्य साधावे. हे काम गोठ्यात, चालत्या इंजिनाजवळ, उकिरड्याच्या वाऱ्याखाली किंवा ज्या टाकीत उतरावयाचे तिच्या काठावर कदापि करू नये. तेथील हवेत थोडा वायू असेल तर यंत्र त्यासच शून्य समजेल आणि पुढे प्रत्येक मापनात तेवढे कमी सांगेल. घाईत हीच चूक फार होते, कारण यंत्र आणलेले असते टाकीपाशी आणि शंभर पावले दूर जाण्याचा कंटाळा येतो.

मग टोपी बसवून कुपीची चावी उघडावी. नियंत्रक मिनिटास अर्धा लिटर या मानाने वायू सोडणारा असावा. याहून कमी-जास्त मान यंत्राच्या पुस्तिकेत दिले असेल तर ते प्रमाण मानावे. आकडे चढू लागतील व एक-दोन मिनिटांत स्थिरावतील. रोजच्या पडताळणीत, जिला कारखान्यात बंप टेस्ट म्हणतात, एवढेच पाहावयाचे की चारही आकडे हलतात, कुपीवरील आकड्यांच्या जवळ येतात, घंटा वाजते, दिवा लुकलुकतो व यंत्र थरथरते. संपूर्ण कॅलिब्रेशनमध्ये याच्या पुढची पायरी असते : यंत्रास सांगावयाचे की हे जे तू हुंगतो आहेस ते २५ आहे, आणि यंत्र आपले माप त्याप्रमाणे दुरुस्त करून घेते. बंप टेस्ट ज्या दिवशी यंत्र वापरावयाचे त्या प्रत्येक दिवशी, वापरण्यापूर्वी करावी. संपूर्ण कॅलिब्रेशन पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीने करावे; कोठे ती महिन्याची असते, कोठे सहा महिन्यांची. याखेरीज बंप टेस्टमध्ये आकडा फार चुकला, यंत्र खाली आपटले, पाण्यात पडले किंवा भरपूर वायूत सापडले, तर मुदतीची वाट पाहू नये.

नळी आखूड ठेवण्यास कारण आहे. हायड्रोजन सल्फाईड हा चिकटखोर वायू. साधी रबरी नळी लांबलचक असली तर तो तिच्या अंगासच बसतो, सेन्सरपर्यंत थोडाच पोहोचतो. मग यंत्र १८ दाखविते, आणि आपण चांगल्या यंत्रास दोष देऊन त्याचे माप उगाच वर चढवितो. हाच दोष कुपी जुनी झाल्याने येतो. या वायूच्या कुपीस एक-दोन वर्षांची मुदत असते. त्यानंतर आत भार शिल्लक दिसला तरी वायूची मात्रा घटलेली असते. मुदत सरलेल्या कुपीने केलेले कॅलिब्रेशन हे घासलेल्या वजनाने केलेल्या तोलासारखे समजावे.

माप चुकले तर काय होते, ते एका हिशेबाने पाहू. यंत्र २५ पी.पी.एम.च्या वायूत २० दाखविते असे धरा. म्हणजे खरे माप दाखविलेल्याच्या सव्वापट आहे. इशाऱ्याची घंटा १० वर लावलेली असेल तर ती प्रत्यक्षात १२.५ झाल्यावर वाजेल. एवढ्याने फार बिघडत नाही. पण सेन्सर आणखी थकून २५ च्या वायूत १० च दाखवू लागला, तर घंटा वाजेपर्यंत हवेत २५ पी.पी.एम. भरलेला असेल, आणि यंत्र ४० दाखवील तेव्हा खरा आकडा १०० असेल, म्हणजे ज्या मात्रेस नाक बधिर होते तीच. उतरणारा मात्र चाळिसाच्या भरवशावर आणखी दोन पायऱ्या उतरण्याचा संभव आहे. थकलेला सेन्सर एकाएकी बंद पडत नाही. तो दिवसेंदिवस थोडे थोडे कमी सांगू लागतो, आणि ज्ञात वायूशी ताडल्यावाचून ते कळत नाही.

येथे फलटणकरांनी लक्षात ठेवण्यासारखी एक बाब आहे. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे आणि हवेचा भार मुंबईच्या मानाने सहा-सात टक्क्यांनी कमी. प्राणवायूचे काही जातींचे सेन्सर टक्केवारी न मोजता भार मोजतात. मुंबईच्या विक्रेत्याने तेथे २०.९ वर लावून दिलेले असे यंत्र येथे आणल्यावर मोकळ्या माळावरही १९.५ च्या आसपास दाखवून घंटा वाजवू लागते. यंत्र बिघडले असे समजून मालक घंटा बंद करून ठेवतो, आणि तेव्हापासून खरा धोका सुरू होतो. उपाय सोपा आहे : येथील शुद्ध हवेत येथेच माप साधावे. विक्रेत्याकडून आलेले छापील प्रमाणपत्र चौकटीत घालून कचेरीत टांगण्याची हौस असते. ते विकल्या दिवसाचे खरे असेल, आजचे नव्हे.

यंत्रास जे दिसत नाही

कॅलिब्रेशन कितीही चोख असले तरी ज्या वायूचा सेन्सर यंत्रात नाही तो त्यास दिसणार नाही. नेहमीच्या चार वायूंत कर्बाम्लवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साईड, नसतो; आणि मळी आंबविण्याची पिंपे, गोबरगॅसचे खड्डे व जुन्या विहिरी यांत तोच प्रामुख्याने आढळतो. प्राणवायूच्या आकड्यावरून त्याचा अंदाज येईल असे कित्येकांस वाटते. हिशेब करून पाहा. शुद्ध हवेत ५ टक्के कर्बाम्लवायू मिसळला तर प्राणवायू २०.९ चा ९५ टक्के, म्हणजे १९.९ राहील. घंटा १९.५ वर लावलेली आहे. ती मुकीच राहील. ती वाजेपर्यंत कर्बाम्लवायू सुमारे ६.७ टक्के झालेला असेल. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने ४ टक्के मात्रा हीच जीवास तात्काळ धोक्याची ठरविली आहे. सबब जेथे आंबण्याची क्रिया चालते तेथे कर्बाम्लवायूचा स्वतंत्र सेन्सर असलेले यंत्र घ्यावे, व त्याची पडताळणी त्याच वायूच्या कुपीने करावी. असे यंत्र नसेल तर प्राणवायू २०.९ वरून २०.५ झाला तरी त्यास इशारा मानून काम थांबवावे. यंत्राने घंटा वाजविली नाही हे कारण पुरेसे नाही.

धान्याच्या कोठारात किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवतात. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फीनसही निराळाच सेन्सर लागतो. सुरुंगाच्या धुरातील नत्राच्या प्राणिदांचेही तसेच.

मापन करताना यंत्र तोंडाशी धरून भागत नाही. मिथेन हवेहून हलका, तो वर. कर्बाम्लवायू दीडपट जड, तो तळाशी. हायड्रोजन सल्फाईड थोडासा जड. सबब वर, मध्ये व खाली अशा तिन्ही थरांत, माणूस उतरण्यापूर्वी, यंत्र दोरीस बांधून अथवा पंपाची लांब नळी सोडून मापन करावे. सेन्सर आकडा स्थिर करण्यास अर्धे ते एक मिनिट घेतो व लांब नळीतून हवा यावयास आणखी वेळ लागतो; घाईने वर ओढलेले यंत्र तळाची हकीकत सांगत नाही. शेणकाला ढवळला की अडकून राहिलेला हायड्रोजन सल्फाईड एकदम सुटतो, म्हणून ढवळण्यापूर्वीचे मापन ढवळल्यानंतर रद्द समजावे, आणि यंत्र उतरणाऱ्याच्या अंगावर चालू ठेवावे.

खर्चाची बाजू

हा सर्व खटाटोप एका शेतकऱ्यास परवडेल काय, असा प्रश्न येईल. एकट्यास तो जड आहे, आणि एकट्याने करूही नये असे आमचे मत आहे. बाजारात मिळणाऱ्या ५८ लिटरच्या कुपीचा हिशेब करा. मिनिटास अर्धा लिटर या मानाने अर्ध्या मिनिटाच्या बंप टेस्टला पाव लिटर वायू लागतो. म्हणजे एका कुपीत दोनशेंहून अधिक वेळा पडताळणी होते. एका गोठेवाल्यास वर्षातून चार-दोन वेळाच टाकी उघडावी लागते. त्याची कुपी वायूने भरलेली असतानाच मुदतीने मरेल. याच कारणाने पुष्कळ ठिकाणी यंत्र असते पण कुपी नसते, आणि कुपीवाचून यंत्र म्हणजे प्रमाणित वजनावाचून काटा. तेच सहकारी दूध संस्थेने किंवा विकास सोसायटीने दोन यंत्रे, एक कुपी व नियंत्रक घेतला, एका माणसास ही रीत शिकविली, आणि टाकी साफ करणाऱ्यास यंत्र पडताळून देऊन सायंकाळी परत घेतले, तर गावाचे काम भागते व कुपीचाही पुरेपूर उपयोग होतो. यंत्राबरोबर दोर, कमरपट्टा, तिपाई व हवा घालण्याचा पंखाही द्यावा. पंख्याने ताजी हवाच सोडावी; दवाखान्यातील प्राणवायूची नळी टाकीत सोडण्याचा मोह काहींस होतो, त्याने आगीचा धोका वाढतो.

यंत्र देणाऱ्याने एक वही ठेवावी. तीत तारीख, यंत्राचा क्रमांक, कुपीचा क्रमांक व मुदत, कुपीवरील चार आकडे, यंत्राने दाखविलेले चार आकडे, घंटा वाजली की नाही, आणि पडताळणाऱ्याची सही एवढे रकाने पुरेत. प्रत्येक सेन्सर बसविल्याची तारीख पहिल्या पानावर लिहावी. या वहीचा खरा उपयोग वर्षभराने दिसतो : एकाच यंत्राचा हायड्रोजन सल्फाईडचा आकडा जूनमध्ये २५, सप्टेंबरात २३, डिसेंबरात २१ असा उतरत गेलेला दिसला, की तो सेन्सर पुढच्या उन्हाळ्यापूर्वी बदलावयाचा हे कोणास सांगावे लागत नाही.